ढग ओळखायला अहमदाबादला जाऊ का?

मॅडम,
मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार) तिसऱ्या वर्षाला आहे. घर दिंडोरी तालुक्यात, अडीच एकर द्राक्षबाग. जून-जुलैचे आठ आठवडे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे इस्रोच्या केंद्रात, इंटर्नशिपसाठी माझी निवड झाली. घरी पेढे वाटले. मग मेलवर विषय आला: उपग्रहाच्या चित्रांतले ढग आणि ढगांच्या सावल्या ओळखून वेगळ्या काढणं. रॉकेटशी संबंध नाही, चांद्रयानाशी नाही. स्टायपेंड नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च आपला. काका म्हणतात, “नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत ओळखीने ट्रेनिंग लावतो, दोन पैसे हातात येतील, घरून जाऊन-येऊन करशील. ढग बघायला अहमदाबादला कशाला, आपल्या गच्चीवरून दिसतात की.” वडील म्हणतात, “तू ठरव, पैशांचं मी बघतो.” पण बागेची छाटणी नुकतीच झालीय, हे दिवस खर्चाचे असतात, हे मला कळतं. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिथे मोठमोठ्या कॉलेजांची मुलं असतील. पंधरा दिवसांत कळवायचंय. काय करू?
— दिंडोरी तालुक्यातली एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

गच्चीवरून ढग दिसतात, हे काकांचं म्हणणं खरं आहे. खालून बघणाऱ्याला ढग ओळखायला शिकावं लागत नाही. वरून बघणाऱ्याला लागतं, आणि तिथेच सगळी गोम आहे. म्हणून आधी विषयाचं बोलते, पैशांचं आणि भीतीचं मागाहून.

उपग्रहाला तुमची बाग आपल्याला दिसते तशी दिसत नाही. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावरून परत आलेला प्रकाश तो वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांत मोजतो. निरोगी पान तांबडा प्रकाश पिऊन टाकतं, कारण हरितद्रव्याला तो लागतो. आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र भरपूर परत पाठवतं. या दोन आकड्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागलं की जो आकडा येतो त्याला एनडीव्हीआय म्हणतात. धर, भरलेल्या बागेवरून तांबडा ५ टक्के परत आला आणि अवरक्त ४५ टक्के. ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. बाग जोमात. उघड्या जमिनीवरून २० आणि ३० आले तर १० भागिले ५०, म्हणजे ०.२. आता त्याच जोमातल्या बागेवर एक पांढराशुभ्र ढग येऊन थांबला. ढग दोन्ही पट्ट्यांतला प्रकाश जवळजवळ सारखाच परतवतो, ६० आणि ६० धर. वजाबाकी शून्य, उत्तर शून्य. संगणकाच्या लेखी तुझ्या वडिलांची अडीच एकर बाग उजाड झाली. त्या ढगाची सावली शेजारच्या गटावर पडलेली असते. तिथे दोन्ही आकडे इतके खाली येतात की तो गट पाण्यासारखा काळा दिसतो. करंजवण धरणाचं पाणी कोणतं आणि धरणाच्या काठावर पडलेली ढगाची सावली कोणती, हे संगणकाला कुणीतरी शिकवावं लागतं. ते शिकवणं हा तुझा विषय आहे.

या चित्रांवरून देशात कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र आहे याचा अंदाज बांधला जातो. ‘फसल’ नावाचा जो सरकारी पीक-अंदाजाचा कार्यक्रम आहे, त्याच्या पद्धती तू जिथे जाणार आहेस त्याच केंद्रात तयार झाल्या. ढगाचा एक डाग निसटला तर क्षेत्राचा आकडा चुकतो, आणि त्या आकड्याच्या भरवशावर पुढचे निर्णय होतात. पातळ, विरविरीत ढग तर फारच फसवे. जाड ढग निदान पांढरा दिसतो. पातळ ढगाआडून बाग दिसत राहते, फक्त थोडी आजारी दिसते.

आता तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला ते सांगते: तू द्राक्षबागेतली आहेस याचा. पावसापासून आणि गारपिटीपासून वाचवण्यासाठी आपल्याकडे हल्ली बागांवर प्लास्टिकचं आच्छादन टाकतात. वरून बघितलं तर ते आच्छादन चकचकीत पांढरं दिसतं. ज्याने कधी द्राक्षबाग पाहिली नाही तो त्याला ढग समजू शकतो. तसंच खरड छाटणीचं. एप्रिलमध्ये छाटणी झाली की बाग ओकीबोकी होते, एनडीव्हीआय धाडकन खाली येतो. न जाणणारा म्हणेल, रोग पडला, नाहीतर बाग तोडली. तुला माहीत आहे की दीड-दोन महिन्यांत त्याच खोडांवर हिरवा मांडव उभा राहणार आहे. मोठमोठ्या कॉलेजांतल्या ज्या मुलांची तू धास्ती घेतलीयस, त्यांच्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

रॉकेटचं म्हणशील, तर तुझी अपेक्षा चुकीच्या गावाकडून आहे. रॉकेटं बनतात तिरुवनंतपुरमला, सुटतात श्रीहरिकोट्याहून. अहमदाबादचं काम उपग्रहाला डोळे आणि कान देण्याचं. १९६७ साली तिथे उपग्रह-संपर्काचं प्रायोगिक भूकेंद्र उभं राहिलं, १९७२ मध्ये हे केंद्र झालं. १९७५-७६ साली, आपल्याकडे शहरांतसुद्धा घरोघरी टीव्ही नव्हता तेव्हा, सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. त्यात या केंद्राचा मोठा हात होता. संध्याकाळच्या बातम्यांत अरबी समुद्रावरचे ढग दाखवतात आणि तुमच्या घरात सगळे गप्प होऊन बघतात ना, ती चित्रं इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांची; त्यांची उपकरणं इथलीच. आणि चांद्रयानाशी संबंध नाही असं तू लिहिलंस, ते तर बरोबरच नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर खाली उतरताना दगड-खड्डे टाळून सपाट जागा शोधणारा जो कॅमेरा होता, तो याच केंद्रात बनला. सावली आणि खड्डा यांतला फरक ओळखणं हे तिथेही कामाचं होतंच.

ढगांपलीकडे बघायचा दुसरा रस्ताही तिथे चालू आहे. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. ३० जुलै २०२५ ला भारत आणि अमेरिकेचा निसार उपग्रह सुटला. त्यातल्या दोन रडारांपैकी एस-बँडचं रडार अहमदाबादचं. तू ई अँड टीसीची आहेस. जेवणाच्या सुट्टीत रडारवाल्या कुणाशी ओळख झाली तर संकोच न करता विचार, अँटेना बघायला मिळेल का. नाही म्हणाले तर नाही.

आता माझी एक गोष्ट. आजवर फार जणांना सांगितलेली नाही. इंजिनिअरिंगला असताना मीही उन्हाळ्यात एका सरकारी प्रयोगशाळेत गेले होते. मला काम मिळालं एका रिसीव्हरच्या नॉइजची, म्हणजे नको असलेल्या खरखरीची, नोंद ठेवायचं. दर पंधरा मिनिटांनी मीटरचा काटा बघायचा आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा, सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत. पहिल्या आठवड्यात मी ते मन लावून केलं. तिसऱ्या आठवड्यात मला ते हमालीचं वाटायला लागलं. एके दुपारी मैत्रिणीबरोबर बाहेर रेंगाळले, दोन तासांनी परत आले आणि मधले आठ आकडे अंदाजाने भरून टाकले. मागचे-पुढचे बघून भरले, कुणाला कळणार? संध्याकाळी साहेबांनी रजिस्टर उघडलं. एक शब्द न बोलता बोट वरून खाली फिरवत नेलं आणि बरोबर त्या आठ आकड्यांवर थांबवलं. म्हणाले, “हे तू घेतलेले नाहीत. काटा इतका शहाण्यासारखा कधी वागत नाही.” खरे आकडे थोडे वरखाली होत असतात. माझे आठ एका सरळ रेषेत चालत होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी मला लाल पेन दिलं आणि त्या अख्ख्या दिवसावर आडवी रेघ मारायला लावली. खोट्या आठांबरोबर सकाळपासूनचे खरे आकडेही गेले. त्या रेघेचा आवाज मला अजून ऐकू येतो.

हे सांगण्याचं कारण, तुझ्या कामातही असे दिवस येणार. चित्रावर एकेक ठिपका मोठा करून बघायचा आणि ठरवायचं: ढग, सावली, पाणी, पीक. असे शेकडो ठिपके. तिसऱ्या दिवशी डोळे दुखतील, पाचव्या दिवशी वाटेल, अंदाजाने मारून टाकावं. जिथे कळत नाही तिथे ‘सांगता येत नाही’ असा पाचवा खाना कर आणि गाइडला दाखव. तसल्या शंभर ठिपक्यांवर त्यांच्याशी अर्धा तास बोलणं झालं तर बरोबर आलेल्या हजार ठिपक्यांपेक्षा जास्त शिकशील. माझ्या हाताखालून प्रोजेक्ट केलेल्या मुला-मुलींमध्ये पुढे संशोधनात टिकली ती बहुतेक अशीच, जी “सर, इथे मला समजलं नाही” असं पहिल्या आठवड्यात म्हणू शकली.

आता पैसे. काकांवर रागावू नकोस. घरात कर्जाचे हप्ते थकले असते, किंवा वडिलांनी उसनवारी करून तुला पाठवायचं ठरवलं असतं, तर मी तुला स्वच्छ सांगितलं असतं की अंबडला जा, पैसे मिळव, त्यात काही कमीपणा नाही. कारखान्यातही शिकायला पुष्कळ मिळतं. पण वडील सोय करतो म्हणतात तर त्यांच्याशी नीट बसून हिशेब मांड. “माझं स्वप्न आहे हो बाबा” असं नको. वहीत आकडे: पीजीचं भाडं, डिपॉझिट, मेस, जायचं-यायचं भाडं, रोजची रिक्षा किंवा बस, औषधपाण्याचे थोडे. द्राक्षवाला माणूस औषध-खतांचा हिशेब ठेवतो, मुलीचा हिशेबही त्याला तसाच समोर दिसू दे. मे महिन्यात हाताशी किती आहे आणि जूनमध्ये कितीची जुळवाजुळव करावी लागेल, ते त्यांनाच सांगू दे. केंद्र जोधपूर टेकरा भागात आहे. शेजारच्या वस्तीला त्या केंद्रामुळेच ‘सॅटेलाइट’ नाव पडलं. मेलमध्ये कोणत्या आवारात रुजू व्हायचं ते बघून मगच जागा शोध, कारण बोपळलाही त्यांचं आवार आहे. पायी किंवा एका बसने जाता येईल अशी खोली थोडी महाग पडली तरी घे. फोनवर बोलून दोन्ही महिन्यांचं भाडं आगाऊ देऊ नकोस. वडिलांबरोबर दोन दिवस आधी जा, खोली बघ, पाणी येतं का बघ, मग पैसे दे. आणि कॉलेजचं ना हरकत पत्र आत्ताच मागून ठेव. ओरल-प्रॅक्टिकलच्या तारखा जूनमध्ये घुसत असतील तर विभागप्रमुखांना आजच भेट. या एका कारणाने हातची संधी गेलेल्या दोन मुली मला माहीत आहेत.

एक गोष्ट आधीच मनातून काढून टाक. या इंटर्नशिपमुळे इस्रोत नोकरी मिळत नाही. शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या जागा जाहिरात निघून, पदवीचे गुण, परीक्षा आणि मुलाखत यांतून भरतात. तिथे हे सर्टिफिकेट दाखवून कुणी दार उघडत नाही. गावात कुणी “पोरगी इस्रोत लागली” म्हणालं तर आईला सांगून ठेव, शिकायला गेलीय म्हणावं.

भीतीचं काय? मराठी माध्यमाची भीती मला कळते, मीही त्याच वाटेने आले. त्या केंद्रात देशभरातून आलेली माणसं आहेत. जेवताना तमिळ, बंगाली, गुजराती, हिंदी सगळं कानावर पडेल. हिंदीत विचारलंस तरी कुणी हसणार नाही. लिहायचं मात्र इंग्रजीत आहे, तेव्हा रिपोर्ट शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस. रोज संध्याकाळी पाच ओळी, आज काय केलं, काय चुकलं. वाक्यं साधी असू देत. चाळीस दिवसांनी त्या ओळींचाच रिपोर्ट होतो. आणि विद्यार्थी म्हणून तिथे शिरणारी तू काही पहिली नाहीस. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे अहमदाबादला एमएस्सी करत असतानाच तिथल्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत उपग्रहांचा माग घेण्याच्या कामात होते. पुढे ते तुझ्या याच केंद्राचे संचालक झाले.

जायच्या आधी हातात महिना आहे. देहरादूनची आयआयआरएस ही इस्रोचीच संस्था रिमोट सेन्सिंगचे, म्हणजे दुरून जमीन बघण्याच्या शास्त्राचे, ऑनलाइन कोर्स मोफत देते, त्यातला एखादा कर. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लॅपटॉपवर घाल. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नसेल तर निदान एक चित्र उघडून दोन पट्ट्यांची वजाबाकी-बेरीज करता येईल इतकं शिक. मग तुमच्या गावाचं चित्र उतरवून घे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटर बाय १० मीटरचा असतो. अडीच एकराच्या बागेत असे साधारण शंभर ठिपके बसतात. तुमची विहीर कदाचित दिसणार नाही, पण बाग आणि शेजारचा मोकळा गट वेगळा दिसेल. स्वतःचं घर त्या चित्रात शोधायला तुला बराच वेळ लागेल. लागू दे. वरून बघायची सवय तशीच लागते. गाइडचं नाव मेलमध्ये असेल तर त्यांचा एखादा शोधनिबंध शोधून वाच. अर्धा समजला तरी चालेल, न समजलेल्या जागी पेन्सिलने खूण कर.

गेटवर सीआयएसएफचे जवान असतात. पास लागतो, मोबाइल आणि पेनड्राइव्ह आत नेता येत नाही, आतलं काम घरी आणता येत नाही. म्हणजे दिवसभर तू घरच्यांना फोनवर सापडणार नाहीस. हे आईला आधीच समजावून सांग, नाहीतर पहिल्याच दिवशी दुपारी तिचा जीव टांगणीला लागेल. ट्रेनिंग विभागाचा लँडलाइन नंबर घरी भिंतीवर लिहून ठेव आणि संध्याकाळी फोन करायची एक वेळ ठरवून टाक. आत नेता येते ती वही. चांगली, शिवलेली, पानांना नंबर घातलेली वही घे. गाइड जे तोंडी सांगतील ते तिथल्या तिथे लिही. फोटो काढून ठेवायची सोय नाही हे एका अर्थी तुझ्या फायद्याचंच आहे. वही बाहेर नेऊ देतात का, ते पहिल्याच दिवशी विचार.

द्राक्षाचं तुझं ज्ञान पहिल्या दिवशी सांगत सुटू नकोस. दिलेलं काम आधी दिलं तसं कर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नाशिकच्या बाजूचं चित्र समोर आलं, आणि आच्छादनाचा चकाका ढगाच्या खान्यात गेलेला दिसला, की तेव्हा बोल. सोबत तारखा असतील तर तुझ्या बोलण्याला वजन येईल: छाटणी कधी झाली, फूट कधी निघाली, आच्छादन कधी चढवलं, कधी उतरवलं. चित्रावरून काढलेला निष्कर्ष जमिनीवर जाऊन पडताळावा लागतो, आणि त्यासाठी लोक गाड्या करून गावोगाव हिंडतात. तुझ्या घरी ती माहिती कॅलेंडरवर लिहिलेली असते.

होकाराचा मेल आज रात्रीच पाठव, पंधरावा दिवस उजाडायची वाट बघू नकोस. आणि उद्या सकाळी वडील बागेत निघाले की त्यांच्याबरोबर जा. यंदाची खरड छाटणी कोणत्या तारखेला सुरू केली, किती दिवसांत उरकली, कोणत्या ओळीपासून सुरुवात केली, ते विचार आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही.

तुझी,
मॅडम